कुंकू लावलेलं मत

आमच्या घरात त्या सकाळी पोहे दोनदा झाले. पहिले वाट बघण्यात गार झाले, म्हणून पुन्हा केले. मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी धांदल होती, आणि येणार होते निवडणुकीचे लोक, माझ्या सासूबाईंचं मत घ्यायला.

पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांना आता घरबसल्या टपाली मतपत्रिकेवर मत देता येतं. नाशकातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, आणि आईंचा गुडघा त्याहून बंद. मागच्या निवडणुकीला त्या पहिल्या वळणापर्यंत उतरल्या आणि पायरीवरच बसून राहिल्या. लासलगावात सून म्हणून आल्यापासून त्यांचं एकही मत चुकलं नव्हतं, ते तेव्हा चुकलं. "एका मतानं काय होतंय," असं माझा नवरा म्हणून गेला आणि पुढे कितीतरी दिवस आईच्या तोंडचा शब्द ऐकायला तरसला. या वेळी अर्ज भरायचं काम आईंनी मला सांगितलं, त्याला नाही.

शेवटी बेल वाजली. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या. बरोबर एक मदतनीस, एक पोलीस आणि व्हिडिओ काढणारा एक जण. आई ठेवणीतलं लुगडं नेसून केव्हाच्या तयार. हॉलच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. बाईंनी नीट समजावलं: मत लहान पाकिटात, ते पाकीट आणि सही केलेलं घोषणापत्र मोठ्या पाकिटात. इकडचं तिकडे झालं तर मत बाद. परीक्षा माझीच असल्यासारखी मी मान डोलावत होते. कागद उडेल म्हणून पंखासुद्धा मी बंद केला, आणि सगळे घामाने निथळत बसलो.

आई आडोशामागून आल्या त्या खुशीत. हातात घडी घातलेली मतपत्रिका, आणि तिच्यावर ठसठशीत कुंकवाचं बोट.

"आजी, हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"कुंकू लावलं. शुभ कामाला निघालाय कागद. कोरा कसा धाडू?"

लग्नपत्रिका असो, गाडीचे कागद असोत, की माझ्या लेकीचं हॉल तिकीट, आमच्याकडे कुंकवाशिवाय महत्त्वाचा कागद उंबरा ओलांडत नाही. सासरे गेल्यावर आईंनी स्वतःला कुंकू लावायचं सोडलं, माणसांनाही लावेनाशा झाल्या, पण कागदांना लावायचं सोडलं नाही. करंडा कमरेच्या पिशवीत घेऊन त्या आत गेल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता.

बाईंचा चेहरा पडला. "मत कुणाचं ते ओळखू येईल अशी खूण चालत नाही. मोजणीला ही पत्रिका बाद करतील."

माझा पारा चढला. "कुंकवावरून कोण ओळखू येणार? अख्ख्या जिल्ह्यात कुंकू लावणारी आमचीच एक म्हातारी आहे का?"

"मला पटतंय हो, ताई. पण बाद करायला तेवढं निमित्त पुरतं."

"बाद म्हंजे मोजणारच नाय?" आईंनी विचारलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. मला पायरीवर बसलेल्या आई आठवल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला, रडूच यायला लागलं.

बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ हो-नाही झालं. मग म्हणाल्या, "खराब झालेली परत घेऊन दुसरी देता येते." मी टाळीच वाजवली. पण आई अडून बसल्या. कुंकू लावलेलं मागं घ्यायचं नसतं, अपशकुन होतो.

बाई त्यांच्यापुढे खाली बसल्या. "आजी, लग्नपत्रिका छापताना चुकली तर आपण दुसरी छापतो. म्हणून लग्न मोडतं का?"

आई विचारात पडल्या. "मोडत नाय," म्हणाल्या. "पण मग कुंकू कुठं लावू?"

"मला लावा. तुमचं मत मीच घेऊन जाणार आहे."

आईंनी करंडा माझ्यापुढे धरला. "तू लाव तिला." बाईंनी कपाळ आईंपुढून हलवलं नाही. "तुम्हीच लावा, आजी." आईंनी करंडा परत मांडीवर घेतला. मग त्यांनी बोट बुडवलं आणि त्या कपाळावर टेकवलं. हात साबणाने धुतला, पुसला, आणि दुसरी पत्रिका घेऊन पुन्हा आडोशामागे गेल्या. पाकिटं मी डोळ्यांत तेल घालून पाहिली. पुन्हा गार झालेले पोहे सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले.

मोजणीच्या दिवशी आई अंघोळ करून सकाळीच टीव्हीपुढे. आपलं मत धरलं की नाही, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ते मी सांगितलं होतं, तरी बसल्या. टीव्हीवरची मुलगी म्हणाली, टपाली मतं आधी मोजायला घेतलीत.

"आधी म्हंजे?" आईंनी विचारलं.

"बूथवरच्या सगळ्यांच्या आधी तुझं," माझा नवरा म्हणाला. त्याने आवाज वाढवला.

एकत्र कुटुंबाच्या मोठ्या खटल्यात आईंचं आयुष्य गेलेलं, सगळी पंगत उठल्यावर जेवायची सवय अजून सुटली नव्हती. आम्ही कितीही म्हटलं तरी त्या मागेच राहायच्या. मी नेहमीप्रमाणे नाश्त्याची पहिली बशी नवऱ्यापुढे ठेवत होते. आईंनी मधेच हात घालून ती स्वतःकडे ओढली.

"आज माझं आधी," त्या म्हणाल्या, आणि खायला लागल्या.