राहून गेलेली अक्षत

केरबाला कोल्हापूरचं अख्खं उद्यमनगर ‘अर्ध्या’ म्हणून ओळखायचं. तो ऑइल इंजिनाच्या कारखान्यात फिटर. बिघाड नुसत्या आवाजावरून सांगायचा, चार मिस्त्र्यांनी हात टेकलेलं इंजिन तासाभरात चालू करायचा. पण शेवटचे दोन नट आवळायचे हमखास राहून जायचे. डबा सायकलला, सायकल चहाच्या गाड्यापाशी आणि हा घरी चालत. लोक हसायचे, तोही हसायचा. पुढे त्याने हसणंही सोडलं. बोलणी खाऊन खाऊन माणूस निबर होतो, तसा तो झाला.

चौऱ्याऐंशी साली चालू मशीनमध्ये हात घालून त्याने करंगळीचं पेर घालवलं. तीन वर्षांतला तिसरा अपघात. मालक भला माणूस, पण घाबरला. ‘डॉक्टरची चिठ्ठी आन, न्हायतर कामावर येऊ नगंस,’ म्हणाला. ज्या डॉक्टरने हात बांधला, त्याने राजारामपुरीत नवा दवाखाना टाकलेल्या पद्मजाबाईंकडे पाठवलं. त्या मनाच्या डॉक्टर. नवऱ्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे जायची पाळी आली म्हणून शालूबाईंनी डोळ्याला पदर लावला. केरबाला काही वाटलं नाही.

पद्मजाबाईंनी दीड तास प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, ‘तुम्ही लहानपणी कसे होता, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस घेऊन या. त्याशिवाय मला नक्की सांगता येणार नाही.’

आईबाप कधीच गेले होते. असं माणूस जगात एकच उरलं होतं, कुरुंदवाडला दिलेली थोरली बहीण, आक्का. तिनेच त्याला कडेवर वाढवलं. आणि अकरा वर्षं ती त्याच्याशी बोलत नव्हती.

त्याचं असं झालं. आमच्याकडे लग्नाच्या छापील पत्रिकेला कुत्रंसुद्धा विचारत नाही. घरच्या माणसाने दारात जाऊन कुंकवाचे तांदूळ द्यायचे, ती खरी अक्षत. ती आली नाही तर सख्खी बहीणसुद्धा मांडवात पाय ठेवत नाही. त्र्याहत्तर साली थोरल्या लेकीच्या लग्नाला आक्काची अक्षत घेऊन केरबा एसटीने निघाला. शिरोळला गाडी थांबली, तर कडेच्या मळ्यात एक इंजिन धापा टाकत होतं. केरबा उतरला. चार तास खपून त्याने ते चालू केलं, मळेवाल्याची भाकरी खाल्ली आणि खुशीत कोल्हापूरला परतला.

‘आक्कास्नी अक्षत दिलीसा?’ शालूबाईंनी विचारलं.

‘व्हय.’

खोटं बोलायचं म्हणून नव्हे. डोक्यात अजून इंजिनच चालू होतं. आक्का लग्नाला आली नाही. लग्नानंतर आठ दिवसांनी सदरा धुवायला काढला, तेव्हा खिशातून अक्षतेची पुडी निघाली. तो तसाच कुरुंदवाडला पळाला. आक्काने तोंडावर दार लावलं.

आता नोकरीसाठी का होईना, त्याच दारात जाणं आलं. आक्काने सुनेला हाक मारली, ‘पावण्यास्नी पानी दे ग.’ सख्खा भाऊ, आणि पावणं! केरबा पाणी प्याला, काम सांगितलं. आक्का म्हणाली, ‘प्वाटाचा सवाल हाय म्हून येते. त्याफुडं काय न्हाय.’

दवाखान्यात मात्र तिची जीभ सुटली. ‘पानी आनाय धाडलं की घागर हिरीवर, आन् ह्यो बैलगाडीखाली घुसून चाकं बघतोय. पाटी शाळंत गेली की परत न्हाय आली. बानं दाव्यानं हानला ओ बाई, वळ उठस्तोवर. म्हनायचा, बेनं मुद्दाम करतंय.’

‘मुद्दाम नव्हतं ते,’ पद्मजाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. लक्ष एका जागी टिकत नाही आणि एकदा चिकटलं की सुटत नाही, असा हा जन्मापासूनचा आजार. तो लहान मुलांनाच होतो असं बरेच डॉक्टरही समजतात, पण काहींना तो आयुष्यभर सोडत नाही. आळस नाही, बेफिकिरी नाही. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, खिशात कामांची यादी ठेवायची आणि मशीनला हात लावण्याआधी जोडीदाराला हाक मारायची.

अठ्ठेचाळीस वर्षांनी कुणीतरी त्याला निर्दोष सोडलं होतं. आनंद व्हायला हवा होता, निदान बापाचा राग तरी यायला हवा होता. केरबा टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसला. आत काही हललंच नाही.

पायऱ्या उतरताना आक्का थांबली. ‘मला वाटत हुतं, भावानं मला मोजली न्हाय. लगीन व्हायच्या आदी तीन दिस नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसून काढलं मी. एसटीचा आवाज आला की उठायचं.’

‘आक्का, त्यो आजार...’

‘ऐकलं की. तुला गोळी गावली. माज्या त्या तीन दिसांला कुठली गोळी?’

तिला गाडीत बसवून केरबा चालत घरी आला. सायकल स्टँडवरच राहिली.

गोळीने काही चमत्कार झाला नाही. तोंड कोरडं पडायचं, पण नट आवळून व्हायला लागले, बोटं शाबूत राहिली. लोकांची ‘अर्ध्या’ म्हणायची सवय मात्र गेली नाही.

पुढच्या वैशाखात धाकट्या लेकीचं, मालनचं लग्न ठरलं. केरबाने यादीत पहिलं नाव लिहिलं, आक्का. तिने ही अक्षत घ्यावी आणि मांडवात यावं, एवढंच त्याला हवं होतं. शिरोळला गाडी थांबली तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून घेतले. कुरुंदवाडला उतरला, आक्काच्या दारात उभा राहिला आणि खिशात हात घातला.

यादी होती. दुसऱ्या खिशात गोळ्या होत्या. पुडी नव्हती. विसरायला नको म्हणून रात्रीच देवापुढे काढून ठेवली होती, ती तिथेच राहिली.

आक्का उंबऱ्यात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती. रडू आलं तर बरं, असं त्याला वाटलं. तेही येईना.

‘राहिली,’ तो म्हणाला.

आक्का आत गेली. आता दार लागणार, म्हणून तो मागे सरला. ती ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत मूठभर तांदूळ, चिमूटभर कुंकू. दोन थेंब पाणी शिंपडून तिने बोटांनी कालवलं, तांदूळ त्याच्या ओंजळीत ओतले आणि त्याच्यापुढे पदर पसरला.

‘घाल, येड्या,’ ती म्हणाली. ‘आन् वाईच थांब, लुगडी बांधून घेते. आजच येते तुज्यासंगं. पुन्यांदा उंबऱ्यात बसायचं न्हाय मला.’