साबणाची रेघ तपकिरी होईपर्यंत

राफाएला गावात गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढणारे पुष्कळ, पण अ‍ॅल्युमिनियमच्या वाटेला एकटा नासारेनो पाउतासोच जायचा. लोखंड तापलं की निदान लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम मनातलं ओठावर येऊ देत नाही. चंदेरीच्या चंदेरी राहतं आणि क्षणात मान टाकतं, की पडलं भोक. म्हणून नासारेनो पोच्यावर धुण्याच्या साबणाची रेघ ओढायचा आणि खालून ज्योत फिरवायचा. रेघ तपकिरी झाली की पत्रा मऊ झाला, ज्योत काढायची. काळी झाली की गेलं काम.

चाळीस वर्षं रेघेने दगा दिला नाही. यंदा डोळ्यांनी दिला. मोतीबिंदूने सगळंच दुधाळ झालं. मागच्या आठवड्यात सराव करताना तीन तुकड्यांना भोकं पडली. ते तुकडे त्याने पोत्याखाली दडपले आणि बायकोजवळही चकार शब्द काढला नाही. असल्या हट्टी माणसाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

नेमकी तेव्हाच गारपीट झाली आणि एवारिस्तो क्वालियाने आपल्या आजोबांची शर्यतीची गाडी आणली. हाताने ठोकून घडवलेली, बिनरंगाची अ‍ॅल्युमिनियमची शेपटी, तिच्यावर संत्र्याएवढा पोचा. तशी शेपटी पुन्हा करून देणारं आता कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळीच दूध करपलं. वास पार कामाच्या शेडपर्यंत आला, आणि त्याची बायको एल्दा चुलीशेजारी निवांत शेंगा सोलत बसलेली. "म्हातारे, झोपलीस काय?" नासारेनो तिच्यावर खेकसला होता.

"उस्ताद, भोक पडलं तर आजोबा थडग्यातून उठून येतील बघा," एवारिस्तो खुर्ची ओढत म्हणाला. "मी इथंच बसतो."

"बस की. तिकीट नाही लावलेलं."

बोलला खरा, पण मनात धाकधूक होती. आज चुकलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार, पाउतासो संपला.

त्याने ज्योत लावली. साबणाचा वास लगेच सुटला, पण तो पहिल्या धगीलाच सुटतो, त्याचा काही उपयोग नाही. रेघ कुठे होती तेसुद्धा त्याला दिसेना. घाम नाकावरून ओघळला.

"पुरे कर रे म्हाताऱ्या," स्वयंपाकघराच्या दारातून एल्दा ओरडली. "घाणीनं घर भरलं माझं."

दचकून त्याने ज्योत काढली. एवारिस्तो हसला. नासारेनोने लाकडी हातोडी टेकवली, तर पत्रा लोण्यासारखा मऊ. आंधळ्याच्या गायी देव राखतो, तो मनाशी म्हणाला आणि ठोकू लागला.

अर्धा पोचा वर आला. मग ठोकून ठोकून पत्रा पुन्हा कडक झाला. पुन्हा साबण, पुन्हा ज्योत.

"बास म्हटलं ना!" एल्दा पुन्हा ओरडली.

पुन्हा पत्रा मऊ. देवाला एका सकाळी दोनदा फुरसत नसते. दारातून रेघेवर डोळा ठेवून सांगणारी ही एल्दाच होती, हे नासारेनोला कळलं, आणि त्याला भयंकर लाज वाटली.

तिसरी धग शेवटची. पत्रा आता ताणून पातळ झाला होता. त्याने ज्योत लावली आणि डोळे सरळ मिटून घेतले. एल्दा गप्प. ज्योत फुरफुरत होती. एल्दा अजून गप्प.

एवारिस्तो ताडकन उठला. "उस्ताद, फार होतंय! काढा ती!"

नासारेनोने डोळे मिटलेलेच ठेवले. त्याने ज्योत काढली नाही.

"आता पुरे," एल्दा म्हणाली.

दुपारी एवारिस्तो शेपटीवरून तळहात फिरवत फिरवत खूश होऊन गेला. पोचा कुठे होता तेही त्याला सापडेना.

"पोत्याखाली तू बघितलंस," नासारेनो म्हणाला.

"झाडायला पोतं उचललं होतं."

"दारात तुला वास एवढा येत होता?"

"मला कुठला वास! दूध करपलेलं तरी कळलं का मला?"

"कधीपासून?"

"त्या तापापासून. दोन वर्षं झाली. सांगितलं होतं मी तुला." एल्दाने साबणाची वडी त्याच्या हातातून काढून घेतली. "तू गाडीखाली होतास. हं म्हणालास."