काकांची इटालियन पोथी

"ऐक हं, काय म्हणतोय तो." एवढं बोलून काका चष्मा कपाळावर ढकलत आणि पुढच्याच क्षणी पुन्हा नाकावर ओढत. चष्म्याशिवाय पुस्तक दिसत नाही, हे त्यांना रोज नव्याने कळायचं.

"तो" म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा एक इटालियन कवी. तब्येतीने तोळामासा, स्वभावाने उदास. मनात येईल ते त्याने वह्यांमध्ये लिहून ठेवलं, आणि त्या सगळ्या वह्यांचं इंग्रजी भाषांतर काकांनी डोंबिवलीच्या एका पुस्तक प्रदर्शनातून रिक्षात घालून ठाकुर्लीला आणलं. शेजारी म्हणून ते उतरवायला मीच हात दिला होता. पातळ कागद, बारीक टाइप आणि वजन तर विचारू नका. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल, ज्याला निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात ओढायला बघतात आणि तो भलतीकडेच जातो.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी फर्मान काढलं, "एवढं धूड घरात आणलंय तर एकट्याने नाही वाचायचं. रोज एक पान, मोठ्याने, मराठीत." मांडीवर पुस्तक पेलवेना, म्हणून देवघरातलं पोथीचं लाकडी स्टँड बाहेर आलं. दिवेलागण झाली की काका पाटावर, काकू समोर भाजी निवडत, आणि चहाच्या निमित्ताने मी. एकदा खालच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. त्यांनी पुस्तकाला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "समाप्ती कधी? प्रसादाला बोलवा हं." काकू हसू दाबत म्हणाल्या, "ह्यांच्या वेगाने तुमच्या नातवंडांनाच बोलवावं लागेल."

माणसाला सुख असं कधी लाभतच नाही, असं कवी सांगे. काकू विचारत, "जेवलाय का तो आज?" मग काका इतके हसत की पान तिथेच राही.

पुढे काकूंचं डायलिसिस सुरू झालं. कल्याणच्या हॉस्पिटलातून आल्या की अगदी गळून जात, पण पान चुकू देत नसत. अशाच एका संध्याकाळी मी काकांच्या शेजारी बसलो होतो. दुखणं सरतं, माणूस पुन्हा उभा राहतो, असं काहीतरी ते वाचत होते. माझी नजर पानावर गेली. तिथे उलटंच लिहिलं होतं. दुखणं माणसाला काही शिकवत नाही, नुसतं झिजवतं, असं कवीचं म्हणणं होतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझा गुडघा हळूच दाबला आणि वाचत राहिले.

"आज साखर जास्त पडली हो," काकू म्हणाल्या.

काका थांबले.

"मला काय कळत नाही? मी आजारी पडल्यापासून तुमचा कवी फार गोड बोलायला लागलाय. लिहिलंय तेच वाचा. डॉक्टर सांगत नाहीत, तुम्ही सांगत नाही. निदान त्याला तरी खरं बोलू द्या."

काकांनी ते पान पुन्हा वाचलं, जसंच्या तसं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "बिचारा." मग त्यांनी काकांना जवळ बसवून घेतलं. मी चहा तसाच ठेवून घरी आलो.

काकू गेल्यावरही वाचन थांबलं नाही. भिंतीपलीकडून मला काकांचा आवाज येई, मराठीत. काचबिंदूने त्यांची नजर नेली तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. "इंग्रजी नको," ते म्हणाले, "ती ऐकायची तसं ऐकू दे."

आता ते घर बंद आहे. पुस्तक आणि स्टँड माझ्याकडे आलंय, आणि समाप्ती अजून बरीच लांब आहे. दिवेलागणीला मी पान उघडतो, तेव्हा हमखास काकांबरोबरची शेवटची संध्याकाळ आठवते.

ते अंथरुणाला खिळले होते. गेलेलं माणूस पुन्हा कधीच, कुठेच भेटत नाही, असं त्या दिवशीच्या पानावर होतं. समोर भिंतीवर काकूंचा फोटो. माझी जीभ काही वळेना. मी वाचलं, "गेलेली माणसं कुठेतरी आपली वाट बघत असतात."

काकांचा हात कपाळाकडे गेला, तिथे नसलेला चष्मा शोधत.

"साखर जास्त पडली रे," ते म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, लिहिलं होतं तसं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"बिचारा," ते म्हणाले.