पिळायचा राहिलेला कान

वारज्याच्या माझ्या गोदामात सकाळपासून एक जुनं सागवानी दार घासायला घेतलं आहे. वरचा काळेपणा निघून आतलं लाकूड उघडं पडलं की कडवट, तेलकट वास सुटतो. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या घेऊन विकण्यात माझा जन्म गेला. दार पाहून मी घराची ऐपत सांगतो. या दाराची ऐपत मात्र मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोथरूडच्या त्या बंगल्यात मी पॉलिश करायला गेलो होतो, आणि पुढे त्या घरातली मुलगी माझ्याशी लग्न करायला याच दारातून बाहेर पडली.

तिच्या वडिलांना पॉलिशवाला जावई नको होता. ते मी समजू शकतो. राग धरला तो तिच्या धाकट्या भावावर. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन तो म्हणाला होता, "भाऊजी, कान तयार ठेवा. असा पिळीन की ताईवर आवाज चढवायची छाती होणार नाही." लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, तशी ती थट्टाच. पण मला ती हवी होती. त्या घरातल्या एकाचा तरी हात आपला म्हणून मला लागला असता. गुरुजींनी दोनदा विचारलं, "कानपिळ्या कुठाय?" हिची नजर हॉलच्या जिन्याकडे. तो आला नाही. पुढे दर भाऊबीजेला मी हिला बंगल्याच्या कोपऱ्यावर सोडायचो आणि स्कूटरवरच बसून राहायचो. परत येताना हिच्या हातात अनारशांचा डबा असायचा. "मला नकोत त्यांचे," मी खेकसायचो. मग ती ते माझ्यासमोर बसून एकटीच खायची, अगदी सावकाश. मला कधी आत चला म्हणाली नाही, आणि स्वतः जायचंही तिने सोडलं नाही.

गेल्या महिन्यात बंगला पाडायला निघाला आणि मेहुणा स्वतः दुकानात आला. केस पार पिकलेले. मी उठलोही नाही. "या. अगदी मुहूर्तावर आलात. अक्षता तेवढ्या संपल्यात." तो विकायला काढलेल्या दाराला मी ऐकणाऱ्याला राग यावा इतका कमी भाव सांगितला. तो लगेच हो म्हणाला. घासाघीस न करणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. "काय दडवताय?" मी विचारलं.

"त्या दिवशी अप्पा याच दारात आडवे झोपले होते," तो म्हणाला. "जायचं तर मला ओलांडून जा, म्हणाले. ताई पहाटेच निघून गेली होती. मला बापाला ओलांडता आलं नाही, भाऊजी. पैसे राहू देत. दार ताईकडे असावं, एवढंच."

इतकी वर्षं घोकून ठेवलेली एकही शिवी आठवेना. मी उठून त्याच्यापुढे मान वाकवली. "आटपा लवकर, गिऱ्हाईक यायची वेळ झालीय."

दार आमच्या फ्लॅटच्या चौकटीपेक्षा वीतभर उंच आहे. सुतार म्हणतो कापू, ही म्हणते चौकट फोडा. फोडू. राग सगळा गेला असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायची सवय मी धंद्यापुरती ठेवली आहे. पण त्याने कान फार जपून पिळला, म्हाताऱ्या माणसाचा पिळावा तसा. त्या दिवशी पिळला असता तर चांगला दुखला असता. ते दुखणं तेवढं राहून गेलं.