ओढ्यापलीकडचा कोंबडा

दाजी गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिली. दुपारची वेळ होती. वाचनालयात वर्तमानपत्रं चाळणारे चार म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. खाकी कपड्यातला तो माणूस दाराशी चपला काढून आत आला, माझं नाव विचारलं, घडी घातलेला वहीचा कागद टेबलावर ठेवला आणि गाडी सुटायची आहे म्हणत निघून गेला. अक्षर अक्काचं होतं, फळ्यावर असतं तसं, सरळ रेघेतलं. ‘हे सकाळी गेले. दुपारी उरकतील. तू उद्या आलास तरी चालेल. हार आणू नकोस.’ मी कागद दोनदा वाचला. मग ज्या पुस्तकाची नोंद करत होतो त्यात तो ठेवला आणि उरलेली नोंद पूर्ण केली. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना कुणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून हे आधीच सांगतो. मला रडू आलं नाही.

दाजी, म्हणजे शामराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नेसरीच्या पलीकडं, आजऱ्याकडं झुकलेल्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तेराव्या दिवशी माणसं पांगल्यावर मी अक्काला म्हणालो, वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांच्यावर काही लिहू का? ती ताटं आवरत होती. म्हणाली, “लिही. पण गोड करू नकोस.” महिना झाला त्याला. रोज थोडं थोडं लिहितो आहे, आणि गोड करायचा मोह एकदाही झालेला नाही.

माणूस उंच, रुंद, आवाजानं घर भरून टाकणारा. शेजारच्या वावरातल्या माणसाशी बोलायचं असलं तरी बांधापर्यंत जायचे नाहीत, जागेवरूनच हाळी द्यायचे. लबाडी कधी केली नाही, दारूला शिवले नाहीत, अक्कावर हात टाकला नाही. मूलबाळ झालं नाही, त्याचं खापरही तिच्यावर फोडलं नाही. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, कारण दिलेला शब्द त्यांनी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हे सगळं खरं आहे. तरीही त्या घरात शिरलं की मला चपला काढण्याआधीच आवाज खाली आणावासा वाटायचा. मी पुस्तकं वाचतो हे त्यांना एखाद्या व्यंगासारखं वाटे. मी वाचनालयात काम करतो, शिकवत नाही, हे शंभरदा सांगूनही ते मला मास्तरच म्हणत. “या मास्तर. बसा. वाचायला काय न्हाय घरात, पंचांग हाय तेवढं.” आणि मग स्वतःच हसत.

त्यांना नाद एकच, बारा बोअरची दुनळी बंदूक आणि रानकोंबडा. परवाना पिकाच्या राखणीसाठी होता, पण डुकरांत त्यांचं मन नव्हतं. डुक्कर हाकून मारता येतं, म्हणत. कोंबडा बोलवावा लागतो. गावामागच्या डोंगरात ओढ्याच्या काठाला त्यांनी करवंदीच्या फांद्यांचं लपण केलं होतं. उजाडायच्या सुमाराला तिथं बसायचं, तळहात मांडीवर आपटून पंखांची फडफड काढायची आणि मग तोंडानं बांग द्यायची. ती नक्कल इतकी हुबेहूब असे की रानातला कोंबडा आपल्या हद्दीत दुसरा कोण शिरला म्हणून चवताळून भांडायला येई. लपणापासून चाळीस पावलांवर, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, त्यांनी एक पांढरा दगड आणून ठेवला होता. दगडाच्या अलीकडं आला तर तो टप्प्यात. पलीकडं असला तर छरा पांगतो, आणि जखमी पाखरू रानात मरायला सोडणं त्यांना पसंत नसे. हाही त्यांचा एक नियम.

एक कोंबडा मात्र त्या दगडाला कधी आलाच नाही. पहिल्या वर्षी घाईत टाकलेल्या बारानं त्याच्या शेपटाची दोन पिसं गळाली होती, तेव्हापासून तो शहाणा झाला. बांगेला बांग द्यायचा, पलीकडच्या कारवीत येऊन उभा राहायचा, पानं हलायची... आणि तासाभरानं निघून जायचा. तीन वर्षं हे चाललं. गावात दस्तगीर शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी बैठक असे, तिथं त्या कोंबड्याची चौकशी व्हायची. दस्तगीर यंत्रावरून मान वर न करता विचारायचा, “काय शामराव, आज तरी पावणं आलं काय जेवायला?” एकदा मी तिथं बसलो असताना दाजी म्हणाले, “त्यो कोंबडा म्हंजे आमचं मेव्हणं हाय बघा. हाक मारली की ओ देतंय. लांबनं समदं बघतंय. पण टप्प्यात यायचं म्हटलं की न्हाय.” दुकान हसलं. मीही हसलो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि कुणी माझ्यावर हसलं की त्यांच्यात सामील होणं मला सोपं वाटायचं.

त्याच वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. अक्कानं लग्नाआधी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षिकेच्या ट्रेनिंगचं पहिलं वर्ष केलं होतं. दुसरं राहिलं. पाच वर्षांनी तिनं, कुणाला न सांगता, पुन्हा अर्ज मागवला होता. जूनपासून वर्षभर वसतिगृहात राहायचं, मग गावातल्याच शाळेत जागा मिळण्यासारखी होती. अर्जावर संमतीची सही हवी होती आणि तो महिनाअखेरीच्या आत पोचायला हवा होता. नंतर वय बसत नव्हतं. ही शेवटची संधी होती. तिनं दाजींना विचारलं, ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा विचारलं तर जेवणावरून उठले. मग तिनं मला पत्र लिहिलं, ‘तू ये आणि त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतील असं नाही, पण तुझ्यासमोर ताटावरून उठून जाता येणार नाही त्यांना.’ मी आठ दिवसांची रजा काढून गेलो.

तो अर्ज मी पहिल्या संध्याकाळीच वाचला. दाजींपुढं ठेवला तो मात्र दस्तगीरच्या दुकानात, कारण घरात माझी जीभ उचलत नव्हती. त्यांनी कागदाला हात लावला नाही. म्हणाले, “मास्तर, आमचा हंगाम चाललाय. त्यो कोंबडा पडू दे. ज्या दिवशी पडंल त्या दिवशी सही करतो.” दस्तगीरनं यंत्र थांबवलं. “शब्द व्हय शामराव?” “शब्द. आन् मास्तरनी बी संगट बसायचं. बघू दे त्यास्नी, काम कशाला म्हणत्यात.”

असा मी त्या लपणात बसायला लागलो. पहाटेच्या गार मातीवर, गुडघे पोटाशी घेऊन. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मुंगी चावली तरी हलायचं नाही. गप्प बसणं मला जमतं, एवढं एक त्यांनीही कबूल केलं. दाजी मांडीवर हात आपटत, बांग देत, ओढ्यापलीकडून ती जशीच्या तशी परत येई. पानं हलत. मग काही नाही. उन्हं चढली की आम्ही उठायचो आणि ते वाटेनं माझ्या धोतराला, माझ्या चष्म्याला, माझ्या श्वास घेण्याच्या पद्धतीला नावं ठेवत चालायचे. “तुमच्या नाकाची शिट्टी वाजती मास्तर. त्यामुळंच येत न्हाय.” दारात अक्का उभी असायची. आमच्या हातांकडं बघून आत जायची. एक दिवस, दोन, पाच... रजा संपत आली. पाखराच्या मरणाची इतकी आतुरतेनं वाट मी कधी पाहिली नव्हती. मला साधी कोंबडी कापलेली बघवत नाही.

सातव्या सकाळी तो आला. पहिल्या बांगेनंतर बराच वेळ शांत होतं. मग कारवी हलली आणि तो उघड्यावर आला. ओढा कोरडा होता. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर, थांबत, मान तिरकी करत, तो ओढा ओलांडून पांढऱ्या दगडापाशी आला. दगडावर चढला, अलीकडं उतरला आणि आणखी चार-पाच पावलं पुढं येऊन माती उकरू लागला. मानेच्या काळ्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट ठिपके असतात, ते मला एकेक दिसत होते. मारा, मी मनात म्हणालो. मारा त्याला. दाजींची बंदूक खांद्याला होती, दोन्ही घोडे ओढलेले. मी त्यांच्या बोटाकडं पाहिलं. ते कापत नव्हतं, दाबतही नव्हतं. वाचताना कुणी हाक मारली तर पान हरवू नये म्हणून पुस्तकात बोट घालून ठेवावं, तसं ते चापावर नुसतं ठेवलेलं होतं. कोंबड्यानं मान वर करून आमच्या दिशेनं बघितलं आणि कसलीही घाई न करता आल्या वाटेनं परत गेला. दाजींनी घोडे अंगठ्यानं एकेक करून खाली सोडले.

“लांब हुता,” ते म्हणाले.

आम्ही उठलो. वाटेनं नाकाच्या शिट्टीचा विषय निघाला नाही.

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “दगडाच्या कुठल्या अंगाला?” मी म्हणालो, अलीकडच्या. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडेनं पाण्याचं बोट फिरवलं. म्हणाली, “त्यांचा शब्द पक्काच की. कोंबडा पडला असता तर सही केली असती त्यांनी. म्हणून तर पडू दिला न्हाई.” तिच्या आवाजात चीड नव्हती. पाच वर्षं ज्या माणसाला जेवू घातलं त्याच्याबद्दल तिला नवीन काही कळलेलं नव्हतं. मग तिनं हाताचं पीठ झटकलं. “तो कागद आण. सही तू कर.”

“मी?”

“पती किंवा पालक, असं हाय की त्यावर. वाचलं न्हाईस व्हय?”

“वाचलंय.”

“कवा?”

“आल्या दिवशी.”

ती माझ्याकडं बघत राहिली. चुलीतला जाळ बाहेर आला होता, तो तिनं सारला नाही. “म्हंजे आठ दिवस तू त्या कोंबड्याच्या जिवावर बसलतास व्हय रं,” ती म्हणाली.

पिठाच्या डब्यावर कागद ठेवून मी सही केली. भावाच्या नात्यानं, पालक म्हणून. त्या एका सहीला अर्धं मिनिट लागलं. दाजींबद्दल माझ्या मनात जो राग आहे त्यात त्या अर्ध्या मिनिटाचा वाटा किती, हे मी या महिन्यात पुष्कळदा तपासलं. बराच आहे. त्यानं त्यांच्याकडचा भाग कमी होत नाही. दुसऱ्याला वाट बघायला बसवायचं आणि वाट बघण्याचं कारण आपल्याच बोटाखाली धरून ठेवायचं, यापेक्षा नुसतं ‘नाही’ म्हणणारा नवरा मला परवडला असता.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन निघालो तेव्हा ते सोप्यात बंदूक पुसत बसले होते. मान वर न करता आत हाळी दिली, “पावण्यांस्नी भाकरी बांधून द्या.” त्या दिवसापासून मी त्यांचा मास्तर राहिलो नाही, पावणा झालो. वाटेवरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसा. पुढची अठरा वर्षं माझ्याशी ते थेट एक वाक्य बोलले नाहीत. पावण्यांना चहा द्या, पावण्यांची गाडी कितीची हाय, पावण्यांना सांगा पूल बुडालाय. अक्का वर्षभर कोल्हापुरात राहिली, उत्तम गुणांनी पास झाली, गावच्या शाळेत रुजू झाली आणि त्याच घरात परत गेली. का गेलीस, असं मी एकदा विचारलं. “घर माझं बी हाय की,” ती म्हणाली. त्यांनी तिला अडवलं नाही, तिच्या शाळेविषयी कधी विचारलंही नाही. दस्तगीर मला तेराव्याला म्हणाला, “त्या सालापासनं शामराव डोंगरात गेलं न्हाईत. आम्ही कोंबड्याचं नाव काढलं की उठून जायचे.” हे त्यानं हळहळून सांगितलं. मी ऐकून घेतलं. लाजेनं गेले नसतील किंवा रागानं. मला शोधायची इच्छा नाही.

परवानेवाला गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. अक्कानं ती माझ्या हातात दिली. माझ्या अंदाजापेक्षा जड होती. ठाण्यातल्या हवालदारानं ती बिजागरीत मोडून नळ्या खिडकीकडं धरल्या, एक डोळा मिटून आत बघितलं. “आरशागत ठेवलीया की.” मग रजिस्टर ओढून त्यानं विचारलं, “बाई, शेवटचा बार कवा काढला?”

अक्का माझ्याकडं वळली. “ह्याला विचारा. शेवटचा काढला न्हाई तवा हा शेजारी बसला हुता.”

हवालदारानं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. मी म्हणालो, अठरा वर्षं वापर नाही. त्यानं तसं लिहिलं. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मला वाटलं, आपण पुन्हा चुकीची नोंद करून आलो. रोज तेल लावून भिंतीवर टांगलेली ती चीज त्या घरात वापरात नव्हती, असं कोण म्हणेल?

परवा अक्काचं कार्ड आलं. शाळा सुरू आहे, भाताची लावण झाली, दस्तगीरला मोतीबिंदू झाला. शेवटी लिहिलं आहे, ‘सोप्यातल्या भिंतीला चुना दिला. बंदूक टांगायचे तिथं तेल मुरलंय, दस्त्याचा आकार परत वर येतो. दोन हात दिले. तिसरा तू येऊन दे, माझा हात पुरत नाही.’

मी रजेचा अर्ज दिला आहे. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघतो.