मंगळवारचा नमुना

२००५च्या हिवाळ्यात अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका हवामान केंद्रावर आम्ही दोघीच होतो. गाव चार मैलांवर. केंद्रप्रमुख बाई तिथला दहावा हिवाळा काढत होत्या. मी सांता क्लारातली नोकरी सोडून ऑगस्टमध्ये आले होते.

कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी दर मंगळवारी हवेचा नमुना घ्यायचा. आतली हवा काढून टाकलेले दोन काचेचे चंबू बाहेर न्यायचे, श्वास रोखायचा, वाऱ्याकडे तोंड करून तोट्या उघडायच्या, बंद करायच्या आणि दूर गेल्यावरच श्वास सोडायचा. माणसाचा उच्छ्वास आत गेला की नमुना बाद.

हे वेस्ट विंडसरच्या मावशीला फोनवर सांगितलं.

"एवढं इंजिनिअरिंग करून बाटल्यांत हवा भरतेस? आणि दोघीच बायका? पुरुष कोणीच नाही?"

"अस्वलं येतात, मावशी. त्यांत असतील एक-दोन."

"फाजीलपणा पुरे."

जानेवारीत प्रमुखांच्या आईचं ऑपरेशन ठरलं. त्यांना पाच आठवडे जायचं होतं. केंद्र माझ्या एकटीवर सोडायचं की बाहेरून कोणी मागवायचं, हे त्या शुक्रवारपर्यंत कळवणार होत्या. मला ते काम हवं होतं.

त्या मंगळवारी तापमान उणे अडतीस होतं. घाईत मी नाकाऐवजी तोंडाने श्वास भरला. तोट्या उघड्या असतानाच खोकला आला. बंद केलेल्या चंबूंकडे पाहून काही कळत नव्हतं. दुसरे चंबू शिल्लक नव्हते. वादळामुळे विमान अडकलं होतं. खरं लिहिलं तर तो आठवडा कोरा जाणार होता.

मी केंद्राच्या नोंदवहीत लिहिलं : तोट्या उघड्या असताना खोकले. नमुना बाद.

प्रमुखांनी संध्याकाळी वही वाचली.

"मी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग लिहिलंस कशाला?"

"चंबूत माझी हवा होती."

त्यांनी जुन्या वह्या काढल्या, चार पानं उघडून माझ्यापुढे ठेवली. चारही ठिकाणी त्यांच्या अक्षरात तेच : खोकले, नमुना बाद.

"नाकाने घे गं बाई श्वास," एवढंच बोलून त्या बॅग भरायला गेल्या.

शुक्रवारच्या विमानाने चंबू आले आणि त्या गेल्या. पुढचे पाच मंगळवार मी एकटीने नमुने घेतले. पाचही ग्राह्य ठरले.

केंद्राच्या आलेखावर जानेवारीतल्या त्या आठवड्याला ठिपका नाही. आलेख दाखवायची वेळ येते तेव्हा मी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवते आणि सांगते, ही माझी.