मान डोलावणारी भाडेकरू

अरबी शिकायला मी परदेशी गेले तेव्हा ज्या घरात राहिले, त्या घरच्या बाई शिवणकाम करायच्या. त्यांना मी आधी मनातल्या मनात काकू म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले आणि त्यांनीही ते नाव बिनतक्रार घेतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट त्यांच्याकडे कापून यायचे. काकूंनी ते जोडायचे, काजं करायची, बटणं लावायची आणि खालची तुरपाई घालायची. पुढची खोली कायम कोटांनी भरलेली. सोफ्यावर बसायचं तर आधी चार कोट उचलावे लागत.

मी अनुवादाच्या कचेरीत नोकरीला. अरबी शिकायला कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला आणि मी सडीफटिंग, मागे ना नवरा ना पोर, म्हणून माझा नंबर लागला. कानावर भाषा पडावी यासाठी संस्थेने कुटुंबात राहायची अट घातली होती. कानावर ती धो धो पडत होती, आत मात्र थेंब जात नव्हता. वर्गातली अरबी आणि घरातली अरबी सख्ख्या बहिणी, पण एकमेकींशी बोलणं बंद असलेल्या. वर्गात मी राज्यकारभारावर निबंध लिहायचे आणि घरी मीठ मागता यायचं नाही.

काका बसचे निवृत्त ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता, पण सदा तोंडात मिठाची गुळणी. मुलगा दुसऱ्या देशात होता. त्याचा फोन आला की दोघं मोबाईल टेबलावर मध्ये ठेवून त्याच्याभोवती बसायची, हसायची. मी क्षणभर उशिरा हसायचे, कारण कशावर हसायचं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. माझ्याशी बोलताना मात्र सगळे मंद पोराशी बोलावं तसं सावकाश बोलत: पाणी, पाव, घे. फार एकटं वाटायचं. आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगायचे आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसायचे.

दुपार तेवढी बरी जायची. काका मित्रांकडे चहाला गेले की काकू मला हाक मारत आणि बटणांचा डबा पुढ्यात सरकवत. मी बटणं लावायला लागले की काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू. माझ्याकडे न बघता, सुई चालवत बोलायच्या. मला मधूनच 'दार' कळे, 'मुलगी' कळे, 'बॅग' कळे. बाकी वेळ मी मान डोलवायचे. शेजारणीच्या चुगल्या असतील असा माझा समज. मग एक दिवस मीही मराठीत सुरू केलं. मास्तरांचा कंटाळा, माझ्याशी अबोला धरलेली बहीण, सगळं बाहेर काढलं. काकू गंभीरपणे मान डोलवत होत्या. दोन्हीकडून पालथ्या घड्यावर पाणी. पण त्यानंतर दोघींनाही भूक चांगली लागायची.

थंडी सरता सरता घरची अरबी हळूहळू उलगडायला लागली. वाक्यं सुटी व्हायला लागली. आणि एका दुपारी काकूंची गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली.

त्यांना एक मुलगीही होती. भिंतीवर फोटो फक्त मुलाचे, त्यामुळे मला शंकाही आली नव्हती. लग्न होऊन ती गेली आणि एका सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवरा मारत होता. काकूंनी दारातूनच सांगितलं, परत जा, लोक काय म्हणतील. ती गेली; पण नवऱ्याकडे नाही, दुसऱ्याच गावी जाऊन एकटी राहिली. काकांनी त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायला बंदी केली. नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

पुढच्या दुपारी काकूंनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. रोज एकच गोष्ट. इतके महिने मी तीच ऐकत होते. फक्त एखाद्या दिवशी ती थोडी बदलायची. त्या दिवशीच्या गोष्टीत काकू मुलीच्या हातातली बॅग घ्यायच्या आणि तिला आत घ्यायच्या, चहा टाकायच्या.

अशाच एका दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, अजून वेळ गेलेली नाही. जाऊन भेटा तिला."

वाक्य बिनचूक होतं. मास्तरांनी पाठ थोपटली असती. काकूंची सुई कोटातच थांबली.

"तुला कधीपासून कळतंय?" त्यांनी विचारलं.

थोड्या दिवसांपासून, सगळं नाही, असं मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी दाताने दोरा तोडला, कोट घडी घालून ठेवला, डोकं दुखतंय म्हणाल्या आणि आत गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती उघडून बसले होते.

त्यानंतर काकू माझ्याशी फार चांगल्या वागल्या. पाणी तापलंय, जेवण झाकून ठेवलंय, बाहेर वारा आहे, शाल घे. डबा पुढ्यात यायचा, पण बटणं गुपचूप लागायची. एकदा मी मुद्दाम मराठीत बोलायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अरबीत बोल. परीक्षा आहे ना तुझी."

आता मी अरबीत काहीही बोलू शकत होते आणि बोलायला घरात कुणी नव्हतं. काकूंनाही नव्हतं. एका खोलीत दोघी समोरासमोर बसून कोट संपवायचो. तोंडी परीक्षेत मी वर्गात पहिली आले. काकांनीसुद्धा तोंड उघडून शाबास म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते. संस्थेतून फोन आला, नवी विद्यार्थिनी ठेवणार का म्हणून. काकू बोळात उभ्या राहून बोलत होत्या, भराभर, आपल्या घरच्या बोलीत.

"मुलगी चांगली आहे हो, तक्रार काही नाही. पण पुढच्या वेळी अगदी नवखी पाठवा. जिला काही म्हणता काही कळत नाही अशी."

मी हातातला सदरा तसाच धरून बसले. एकही शब्द अडला नाही. मेलं हे सगळं शिकले नसते तर बरं झालं असतं, असं वाटलं आणि डोळे भरून आले.